पिवळं विमान, पांढरा झेंडा

पोळा होऊन जातो, भाद्रपदाचं ऊन चटके द्यायला लागतं, कपाशीला पात्या-फुलं धरतात आणि माझं डोकं फिरतं. दर वर्षी फिरतं. घरातले आता विचारतसुद्धा नाहीत. चहात साखर जास्त पडली म्हणून मी ओरडते, दारावरच्या भाजीवाल्याशी तासभर वाद घालते आणि दुपारी कॉम्प्युटर लावून विमान घेऊन वर निघून जाते. त्या दिवसांत जमिनीवर माझं कुणाशीच पटत नाही.

लोकांना हा महिना फार आवडतो. हिरवंगार रान, गणपती, गौरी, धुवून काढल्यासारखं आकाश. असेल बुवा. मला त्या महिन्यात एकच वास येतो, कपाशीवर मारलेल्या औषधाचा. औषध म्हणे! डब्यावर कवटी काढलेली असते, घरात ठेवताना पोरांच्या हाताला लागणार नाही असं उंचावर ठेवतात, आणि म्हणताना मात्र औषध म्हणतात. जळगावात मी तिसऱ्या मजल्यावर राहते. तरी पश्चिमेचा वारा सुटला की तो वास कुठून तरी येतोच. कुणी म्हणतं, "ताई, तुमच्या मनाचे खेळ आहेत." मनाचे तर मनाचे. माझं मन काही फुकटात असं झालेलं नाही.

आमचं गाव सोनगीरच्या किल्ल्यापासून दोन कोसांवर. मी आठवीत होते, त्या हंगामात कपाशीवर अळी पडली आणि मोठ्या शेतकऱ्यांनी मिळून विमानानं फवारणी करायची ठरवली. विमान धुळ्याच्या धावपट्टीवरून उडायचं, किल्ल्याला वळसा घालायचं आणि आमच्या शाळेच्या कौलांवरून असं जायचं की गुरुजींचा खडू हातातून पडावा. पिवळंधमक विमान होतं. आवाज आधी यायचा, पोटातच सुरू व्हायचा, मग खिडकीतून पिवळं काहीतरी सर्रकन जायचं. गुरुजी छडी उगारून "बसा रे!" म्हणायचे आणि स्वतःच खिडकीशी उभे राहायचे.

पोरं पोरींना ढकलून पुढे व्हायची. मी कुणाला ऐकते? बाकावर चढून उभी राहायचे. विमान शेताच्या टोकाला जाऊन एकदम नाक वर करायचं, वर चढून एका पंखावर आडवं व्हायचं आणि फिरून परत त्याच रेषेत खाली यायचं. निंबाच्या शेंड्याखालून जायचं! पोटाखालून पांढरा फवारा सुटलेला असायचा. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यानंतरही फार थोडं पाहिलं.

मला त्या विमानात बसायचं होतं. त्या हंगामात मला दुसरं काही नकोच होतं. नवा फ्रॉक नको, जत्रा नको. भाकरी खाताना विमान, अभ्यास करताना विमान. आई वैतागून म्हणायची, "बाई, या पोरीले काय विमाननं भूत लागनं का काय!"

विमान तर आलं, पण वैमानिकाला वरून कळणार कसं की कुठली पट्टी मारून झाली आणि कुठली राहिली? त्यासाठी शेताच्या दोन टोकांना दोन माणसं झेंडे घेऊन उभी करायची. विमान एका झेंड्यावरून दुसऱ्या झेंड्यावर सरळ जायचं. ते गेलं की माणसांनी पावलं मोजत बाजूला सरकायचं आणि पुन्हा झेंडा वर करायचा. हे काम बघणारे एक साहेब जीप घेऊन गावात आले. पारावर उतरून म्हणाले, "झेंडे धरायला माणसं पाहिजेत." पारावरच्या एकाचाही हात वर झाला नाही. सगळ्यांची बोटं आमच्या आळीकडे झाली. कपाशी त्यांची, फवारणी त्यांची, आणि झेंडा तेवढा आमच्या हातात. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्हालाही वाटलं नाही, आणि आज सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते तयारच होते. आबा शेतमजूर. पण झेंडा म्हटलं की त्यांची ताठ मान आणखी ताठ व्हायची. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक निघायची, तिच्या पुढे निळा झेंडा धरण्याचा मान आबांचा होता. माझ्या जन्माच्या आधीपासून. धुतलेलं पांढरं धोतर, पांढरा सदरा, दोन्ही हातांत काठी छातीशी सरळ. मिरवणूक पारापाशी आली की वरून कुणी खडा मारायचं, कुणी मुद्दाम बैल अंगावर सोडायचं. आबा हलायचे नाहीत. झेंडा वाकायचा नाही. एकदा कपाळातून रक्त आलं, तर ते दुसऱ्या कुणी पुसलं, कारण आबांचे दोन्ही हात झेंड्याला होते. आमच्या घरात झेंड्याचा नियम हाच होता. एकदा हातात घेतला की खाली ठेवायचा नाही, आणि घेऊन पळायचं तर त्याहून नाही.

साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, हे मी कबूल करते. जीपमध्ये बसल्या बसल्या सांगितलं, "विमान समोर सरळ आलं की झेंडा टाकायचा आणि वारा येतो त्या बाजूला पळायचं. अंगावर घेऊ नका." दुसऱ्या टोकाला आमच्याच आळीतले नामदेवकाका होते. ते पळाले. विमान आलं रे आलं की काका झेंडा फेकून बांधाच्या पलीकडे. आणि आबा? आबांनी झेंडा दोन्ही हातांनी छातीशी धरला, पाय रोवले आणि विमान डोक्यावरून गेलं तरी तसेच उभे राहिले. फवारा सगळा अंगावर. डोक्यापासून पायापर्यंत ओले. मग धोतरानं डोळे पुसले, मोजून पावलं टाकली, आणि पुन्हा झेंडा वर.

नामदेवकाका दुपारी भाकरी खाताना म्हणाले, "अरे भाऊ, साहेबनी सांगं ना, फेकीसन पळ!"

आबा म्हणाले, "जयंतीले मी झेंडा धरस. तठे पळस का मी? झेंडा कोनी खाले ठेवतस का?"

"तो आपला झेंडा. हाऊ साहेबना फडका शे!"

"हातमा शे तवलोंग झेंडाच शे," आबा म्हणाले, आणि त्यांनी विषय संपवला.

साहेबांना हे दिसलं होतं. जीप बांधावरच उभी होती. एक शब्द बोलायचा होता त्यांनी. "आबा, हलत जा" एवढे तीन शब्द. माणसाला एवढं सांगायला काय लागतं? पण झालं काय, की आबांच्या टोकाला विमानाची रेष अगदी सुतात यायची. झेंडा शेवटपर्यंत वर असल्यामुळे कपाशीची एक ओळ सुटायची नाही. नामदेवकाकांच्या टोकाला थोडी कपाशी कोरडी राहायची. म्हणून साहेब जीपमधून उतरले, आबांच्या पाठीवर थाप मारायला हात पुढे केला, पण सदरा ओला म्हणून मागे घेतला, आणि म्हणाले, "वा! असा माणूस पाहिजे. पायलटसाहेब खूश आहेत तुमच्यावर."

तो मागे घेतलेला हात मी पाहिला होता. शाळा बुडवून बांधावर गेले होते मी. त्या वेळी त्याचा अर्थ मला लागला नाही. आता रोज लागतो.

त्यानंतर आबांचा भाव वधारला. जीप दारात यायला लागली. आज आमच्या शिवारात, उद्या शिंदखेड्याकडे, परवा दोंडाईच्याच्या अलीकडे. आळीतल्या लोकांना अप्रूप, "भाऊले जीप लेवाले येस!" शेवटची पट्टी मारून झाली की विमान वर चढायचं आणि जाताना एकदा डावा, एकदा उजवा पंख हलवायचं. आबांकडे बघून! आबा घरी येऊन सांगायचे, "आज बी त्याने माले जयभीम कया." आम्ही हसायचो. मी टाळ्या वाजवायचे. मी, चौदा वर्षांची घोडी, माझ्या बापाच्या अंगावर विष पडलेलं असायचं आणि मी टाळ्या वाजवायचे, कारण विमानानं आम्हाला ओळख दिली होती.

आई सदरा धुवायची. तिसऱ्या-चौथ्या धुण्यानंतर तिच्या हाताची सालं निघायला लागली. ती सोड्याला शिव्या द्यायची.

आणि मग ते वचन. आबांनी माझ्यासाठी शब्द टाकला. जीपच्या दारापाशी उभे राहून म्हणाले, "साहेब, मनी आंडेर शे एक. तिले विमाननं लई येड शे. एकदाव बसाडी द्या." साहेब हसले. मोठ्यानं, मनमोकळं. म्हणाले, "अहो बसवू की! हंगाम संपू द्या. शेवटच्या दिवशी धावपट्टीवर घेऊन या मुलीला. एक चक्कर मारून आणू. पण तोपर्यंत झेंडा तुम्हीच धरायचा हं."

झालं. कोपराला गूळ लागला.

फवारणीच्या पहिल्या फेरीनंतर आबांना भोवळ यायला लागली. दुसऱ्या फेरीनंतर डोळ्यांतून सारखं पाणी, तोंडाला फेस, खाल्लेलं टिकेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाचं झालंय, लिंबूपाणी द्या. आईनं जीप आली तर परत पाठवायचं ठरवलं. नामदेवकाकाही म्हणाले, आता बास. आबा खाटेवरून उठले. म्हणाले, "एकच फेरी ऱ्हायनी. पोरनं विमान ऱ्हाई जाई." आणि गेले. मी अडवलं का? नाही अडवलं. मी त्यांना तांब्या भरून पाणी दिलं आणि मनात दिवस मोजले. कुणाचा राग येतो म्हणून काय विचारता! साहेबाचा येतो, पारावरच्या बोटांचा येतो, आबांच्या त्या आडमुठेपणाचा येतो, आणि त्या तांब्या देणाऱ्या पोरीचा येतो. सगळ्यांना पुरून उरेल एवढा आहे माझ्याकडे.

शेवटच्या दिवशी मी शाळेचा गणवेश घातला, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधल्या. आबांनी जयंतीचा पांढरा सदरा काढला. एसटीनं धुळ्याला आणि तिथून चालत धावपट्टीवर. आबांचा हात माझ्या खांद्यावर होता, प्रेमानं नाही, आधाराला. पट्टीवर कुणी नव्हतं. उन्हात एक राखणदार बाजेवर पडला होता. म्हणाला, "विमान? ते कालच गेलं हो. साहेबबी गेले." जमिनीवर तेलाचे डाग होते आणि औषधाचे रिकामे पिंप. आसपासच्या बायका ते पिंप पाणी भरायला घेऊन जात होत्या. आबा बराच वेळ किल्ल्याच्या दिशेला बघत राहिले. मग म्हणाले, "घाई व्हयी व्हई त्यासले. पुढला साल येतीन. झेंडा मनाजोडेच शे ना. झेंडा लेवाले तरी येनंच पडी त्यासले."

झेंडा खरंच त्यांच्याकडे राहिला होता. बांबूची काठी आणि तिला पांढरं कापड. आबांनी तो घराच्या आढ्याशी, भिंतीला टेकवून उभा ठेवला. आडवा नाही. तो न्यायला कुणी आलं नाही. पुढच्या साली अळीवर पाठीवरचे पंप आले आणि विमान पुन्हा आलं नाही. त्या एप्रिलला मिरवणुकीसाठी आबांनी निळा झेंडा उचलला, तर काठी अशी थरथरायला लागली की कापड फडफडू लागलं, वारा नसताना. दोन पावलांवर नामदेवकाकांनी हळूच काठी आपल्या हातात घेतली. आबा मिरवणुकीच्या मागे चालले. पुन्हा कधी पुढे आले नाहीत.

मी शिकले. शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, टक्केटोणपे, ते सगळं रामायण इथे नको. नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी जळगावच्या नवी पेठेत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे देवघर! चपला जिन्यात काढायच्या, पडदा सारून आत जायचं, शहरातली सगळ्यात थंड खोली ती. मॉनिटरला झालर लावलेली कव्हरं. बाहेरची फ्लॉपी आत आणली तर मालक सर असे ओरडायचे की जणू साथच आली. आणि नेमकी मीच ती बाहेरची फ्लॉपी आणली. माझी एक विद्यार्थिनी पुण्याच्या भावाकडून घेऊन आली होती, चार फ्लॉप्या. म्हणाली, "मॅडम, विमानाचा गेम आहे. मला जमत नाही, सारखं पडतं."

तो गेम नव्हता, खऱ्या विमानासारखं चालवायला लावणारा सिम्युलेटर होता. गेम म्हणणाऱ्याच्या मी अंगावर जायचे. तिच्याजवळ त्याच्या पुस्तकाची जाडजूड झेरॉक्स होती, ती मी अभ्यासक्रमासारखी वाचली. वेग कुठे बघायचा, उंची कुठे, नाक किती उचललं की पंख हवा सोडतो. दुपारी दोनची बॅच सुटली आणि पाचची यायची होती, तेवढ्या वेळात मी अमेरिकेतल्या कुठल्याशा तळ्याकाठच्या विमानतळावरून उडायचे. खाली सपाट हिरवं, वर सपाट निळं, मधे चार रेघा म्हणजे रस्ता. पण चाकं जमीन सोडायची त्या क्षणाला माझ्या पोटात तोच आवाज सुरू व्हायचा. पहिले पंधरा दिवस मी फक्त पडले. मग उडायला शिकले. उतरायला शिकायला दोन महिने लागले. उतरणं ही खरी विद्या आहे! वाऱ्याकडे तोंड करून, वेग हळूहळू सोडत, घाई न करता. माझ्यासारख्या तापट बाईला ते कुणी माणूस शिकवू शकलं नव्हतं, त्या खोक्यानं शिकवलं.

आणि जळगावची वीज! मी पट्टीवर येतेय, उंची बरोबर, वेग बरोबर, की पंखा बंद, एसी बंद आणि युपीएस कोकलायला लागायचा. त्याच्या बॅटरीत सात-आठ मिनिटं निघायची. तेवढ्यात विमान खाली आणायचंच. मालक सर पडद्यातून डोकं घालून "मॅडम, मशीन बंद करा!" म्हणायचे आणि मी म्हणायचे, "सर, माणसं आहेत आत, उतरू द्या!" क्लासच्या पोरी हसून लोटपोट. घरी मी पुठ्ठ्यावर सगळी घड्याळं काढून भिंतीला लावली होती आणि जेवताना ताटाच्या कडा धरून वळणं घ्यायचे. सांगते, त्या वर्षात मी जेवढी सुखी होते तेवढी कधी नव्हते.

मग भाद्रपदात, एका दुपारी, त्या सिम्युलेटरच्या एका कोपऱ्यात मला फवारणी सापडली. खरंच होती. एक शेत द्यायचे, वेळ लावून द्यायचे, एक बटण दाबलं की विमानाखालून औषध. जितकं शेत भिजेल तितके गुण. मी बटण दाबलं. तेच नाक वर करणं, तेच एका पंखावर वळणं, तीच सरळ रेष. मी ते इतकं चांगलं केलं की पहिल्याच दिवशी जवळजवळ सगळं शेत भिजवलं. मजा आली. हेही कबूल करते. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की शेताच्या टोकाला कुणी उभं नाही. त्या देशाच्या हिरव्या चौकोनात माणूस काढलाच नव्हता. बटणावरचं बोट तिथेच राहिलं आणि विमान शेत ओलांडून तळ्यात पडलं.

झेरॉक्समध्ये त्या प्रकरणाच्या सुरुवातीला फवारणीच्या विमानाचं चित्र होतं. काळं-पांढरं, पण मी ओळखलं. आबांनी खालून पाहिलेलं आणि मी खिडकीतून पाहिलेलं, तेच. पंख खाली, पुढे फुगीर पोट. त्या पोटात औषधाची टाकी असते. टाकीच्या मागे वैमानिक बसतो. आणि चित्राखाली लिहिलं होतं, सीट: एक.

एक!

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या थंडगार खोलीत कळलं. त्या विमानात दुसऱ्या माणसाला बसायला जागाच नव्हती. पोरीला एक चक्कर मारून आणू, म्हणे. कुठे बसवणार होता, टाकीत? साहेबाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हसला होता तो. आम्ही त्याला मनमोकळं हसणं समजलो होतो. आणि आम्हाला कळणार कुठून? आमच्या आळीनं ते विमान फक्त खालून पाहिलेलं. त्याच्या आत किती जागा आहेत हे खालून दिसत नाही, आणि पट्टीवर जवळ जायची आम्हाला मुभा नव्हती. मी बाहेर आले, चपला न घालताच जिना उतरले, आणि भर उन्हात फुले मार्केटपर्यंत अनवाणी चालत गेले. पाय पोळले तेव्हा भानावर आले.

त्याच हिवाळ्यात एका हौशी क्लबचं दोन सीटचं छोटं विमान काही दिवस धुळ्याच्या पट्टीवर आलं. मी गेले. तीच पट्टी. बाजेवरचा राखणदार दुसरा. कॅप्टन म्हणून जे गृहस्थ होते ते साठीचे, शांत. वर गेल्यावर त्यांनी दांडा माझ्या हातात दिला आणि थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्ही आधी चालवलंय."

"कॉम्प्युटरवर," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग वळा डावीकडे."

मी वळले. काय सांगू! खोक्यात नव्हतं ते सगळं होतं. दांड्यातून हवा हाताला लागते. पांझरा नदीवरून गेलं की विमान किंचित खाली बसतं, काळ्या रानावरून गेलं की उचललं जातं. सोनगीरचा किल्ला माझ्या पंखाखाली आला. मी रडत होते आणि माझा वेग बरोबर होता.

मग आम्ही उतरायला खाली आलो, शेतांवरून, कमी उंचीवर. कपाशीची शेवटची वेचणी चालली होती. लाल लुगड्याची एक बाई कमरेला झोळी बांधून उभी राहिली, कपाळावर हात धरून वर बघितलं. तिच्या मनगटातली काचेची बांगडी मला दिसली नाही, पण हात दिसला. झोळी दिसली. तोंड आमच्याकडे आहे हे दिसलं.

उतरल्यावर मी कॅप्टनना विचारलं, "फवारणीचं विमान किती उंचीवरून जातं?"

"दहा-पंधरा फूट."

"झेंडा धरणारा माणूस वैमानिकाला दिसतो?"

"न दिसून कसं चालेल, बाई? त्याच्यावरच तर रोख धरून यायचं असतं."

म्हणजे दिसत होता. पांढऱ्या धोतरातला माझा बाप त्याला दर वेळी दिसत होता. उभा आहे, पळत नाही, हे दिसत होतं. म्हणून तर तो पंख हलवायचा. दिसला नाही म्हणून झालं असतं, तर मी एखाद वेळी गप्प बसले असते.

पट्टीवरून मी सरळ गावी गेले. दुपारचे चार वाजले असतील. आबा ओट्यावर बसले होते. डोळ्यांवर जाड भिंग, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. हात मोकळे ठेवले की ते नाचायचे आणि लोक बघायचे, म्हणून त्यांनी ती सवय लावून घेतली होती. मी विमानात बसून आले हे ऐकून त्यांनी हात काढले आणि माझा चेहरा चाचपला. "बसनी का तू? खरंच बसनी? काय दिखनं वरतीन?"

मी ओरडायच्या तयारीनं आले होते. म्हणाले, "आबा, मानसं दिखतस."

"झेंडा?"

"झेंडा बी दिखस. तू बी दिखना व्हशी त्याले. दर टाईमले."

आणि मग, काय सांगू, त्यांचा चेहरा उजळला. "मंग मी दिखनू त्याले," ते म्हणाले. "मी हालनूच नही, हाई त्याले दिखनं. मंग वाया नही गयं."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. तुझ्या अंगावर विष टाकलं त्यानं, बघून टाकलं, आणि तुला आनंद कशाचा होतोय! मी भडभडा बोलले. साहेबाला सगळं दिसत होतं, एका शब्दानं सांगितलं नाही, रेष सुतात यावी म्हणून तुला उभं केलं. आबा मान हलवत ऐकत राहिले. आपल्याविषयी कुणी काही सांगितलं की ते असंच ऐकायचे, दुसऱ्या कुणाचं चाललंय असं. शेवटी माझ्या तोंडून ते निघालं, जे मी सांगणार नव्हते.

"आबा, त्या विमानमा जागा एकच व्हती. एकच. दुसरं मानूस बसूच नही शके. त्याने माले कधीच बसाडनं नव्हतं."

आबांची मान थांबली.

"एकच?"

"एकच."

"आन त्याले ठावं व्हतं?"

"पयल्या दिनपाईन."

आई दारात येऊन उभी राहिली. मग आबा म्हणाले, "मना हात गयात ते जाऊ दे. पन मनी पोरले खोटं बोलना तो." आणि त्यांचा आवाज असा चढला, जो मी जन्मात ऐकला नव्हता. पारावरून खडे आले तेव्हा चढला नव्हता, कपाळातून रक्त आलं तेव्हा चढला नव्हता. "मनी पोरले!"

भिंतीला धरून ते उठले आणि घरात गेले. आढ्याशी उभा असलेला तो पांढरा झेंडा त्यांनी काढला. कापड पिवळं पडलं होतं, काठीला जाळी लागली होती. थरथरत्या दोन्ही हातांनी तो छातीशी सरळ धरून आबा ओट्यावर आले, पायऱ्या उतरले, आणि अंगणाच्या मधोमध उभे राहिले. काठी थडथडत होती. पार समोरच होता. पारावर माणसं बसली होती, ती बघायला लागली.

आबांनी झेंडा खाली ठेवला. मातीत, आडवा.

मी पुढे झाले नाही. आईही झाली नाही. तो कुणी उचलला नाही.